जुना कम्पायलर कधी सोडायचा? लिनक्सचं उत्तर

प्रोग्रामरने लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत बदलणारं सॉफ्टवेअर म्हणजे कम्पायलर. अँड्रॉइड फोनच्या मुळाशी असलेला लिनक्स कर्नलही त्यातूनच तयार होतो. 'जीसीसी' हा त्यासाठीचा जुना, प्रचलित कम्पायलर.

जुना कम्पायलर ठेवला तर काय बिघडतं?
६४-बिट एआरएम संगणकावर फाइल सिस्टिमच्या पडताळणीत अधूनमधून चुका दिसत होत्या; २०२१च्या सुरुवातीला त्यांचं कारण सापडलं. दोष डिस्कचा नव्हता, जीसीसी ४.९चा होता. मेमरीतली तात्पुरती जागा सोडून दिल्यावरही तिथली माहिती वाचणारा कोड तो तयार करत होता. नेमका तेव्हाच इंटरप्ट आला, की ती माहिती बदलून जायची. त्यामुळे एआरएम-६४साठी जीसीसी ५.१ ही किमान अट झाली. त्याच वर्षी लिनक्स ५.१५मध्ये ती सर्वांना लागू झाली.

मग थेट नवाच कम्पायलर सक्तीचा का नाही?
अनेक सर्व्हरवर दीर्घकाळ सपोर्ट मिळणाऱ्या लिनक्स आवृत्त्या असतात आणि त्यांच्यासोबत कम्पायलरही जुनाच येतो. म्हणून अशा आवृत्त्यांत कोणता जीसीसी आहे, हे आधी पाहिलं जातं. २०२५मध्ये लिनक्स ६.१६ने किमान अट जीसीसी ८ केली. तो २०१८चा आहे आणि रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ८मध्ये तोच मिळतो.

जुनी यंत्रं बाद होतात का?
नाही. नव्या कम्पायलरनेही जुन्या यंत्रासाठी कर्नल तयार करता येतो. म्हणूनच निर्णय घेताना कम्पायलरचं वय नव्हे, तर तो अजून किती जणांना लागतो आणि त्याच्या चुका किती महाग पडतात, हे तोललं जातं.