विमान उभं, पण काम सुरू!

मुलांनो, विमानाच्या दारात हसून स्वागत करणारी हवाईसुंदरी तुम्ही टीव्हीवर तरी पाहिली असेलच. (या कामात पुरुषही असतात बरं का!) प्रवाशांना चहा-जेवण द्यायचं, एवढंच यांचं काम, असं आपल्याला वाटतं. पण त्यांचं मुख्य काम असतं सुरक्षेचं. विमान सुटण्याआधी आणीबाणीची साधनं तपासायची, प्रवाशांना जागेवर बसवायचं, सामान नीट ठेवलंय ना ते पाहायचं, कोणाला बरं वाटत नसेल तर मदत करायची.

आता गंमत पाहा. कॅनडातल्या ‘एअर कॅनडा’ कंपनीत या सगळ्या वेळेचा पगारच धरला जात नव्हता! विमान जागेवरून हललं की पगाराचं घड्याळ सुरू, थांबलं की बंद. समजा, शाळेचे शिपाईकाका दहाला येऊन कुलपं उघडतात, वर्ग झाडतात, पाणी भरतात. आणि कोणी त्यांना म्हणालं, ‘तुमचं काम साडेदहाच्या घंटेपासून धरणार!’ तर चालेल का?

या कर्मचाऱ्यांचा दहा वर्षांचा करार ३१ मार्च २०२५ रोजी संपला. नव्या करारासाठी त्यांच्या संघटनेच्या कंपनीशी वाटाघाटी सुरू होत्या. कंपनीने उभ्या विमानातल्या कामाचे पैसे अर्ध्या दराने देऊ केले. संघटनेचं म्हणणं, काम पूर्ण तर पैसेही पूर्ण. शिवाय मूळ पगाराचा प्रश्न होताच. बोलणी फिसकटली आणि १६ ऑगस्टला सुमारे दहा हजार कर्मचारी संपावर गेले. विमानं जमिनीवर, प्रवासी ताटकळलेले!

सुट्टीवर निघालेल्या, आजारी माणसाला भेटायला निघालेल्या लोकांचे फार हाल झाले. संपाची ही दुसरी बाजूही विसरून चालणार नाही. बारा तासांच्या आतच सरकारने हस्तक्षेप करून कामावर परतण्याचा हुकूम मिळवला. संघटनेने तो मानला नाही. १८ ऑगस्टला संप बेकायदा ठरवण्यात आला.

मग वाद मिटला कसा? धाकाने नाही, तर समोरासमोर बसून. विल्यम कॅप्लन नावाच्या मध्यस्थांच्या मदतीने दोन्ही बाजू पुन्हा बोलायला बसल्या आणि १९ ऑगस्टच्या पहाटे समझोता झाला. लहान विमानात उड्डाणाआधीच्या ६० मिनिटांचे आणि मोठ्या विमानात ७० मिनिटांचे पैसे मिळणार, असं ठरलं. सुरुवात अर्ध्या दराने, आणि पुढे दरवर्षी थोडी वाढ.

म्हणजे मागितलं तेवढं सगळं मिळालं नाही. पगारवाढीचा भाग तर ९९ टक्के सभासदांनी मतदानात नाकारला. पण त्यासाठी पुन्हा विमानं थांबवायची नाहीत, हे आधीच ठरलं होतं. तो मुद्दा मध्यस्थीकडे सोपवला गेला. एक गोष्ट मात्र पक्की झाली. उभ्या विमानातलं काम हेही कामच, हे करारात लिहिलं गेलं.

बालदोस्तांनो, आपल्या घरात आणि शाळेतही कोणाच्या हिशेबात न येणारं काम कोणीतरी रोज करतच असतं. या रविवारी वही घ्या. असं काम कोण करतं आणि त्याला किती वेळ लागतो, याची यादी करा. आणि हो, ती आईबाबांबरोबर बसून वाचा!