हातच्याची वजाबाकी

दिवाळीच्या सुट्टीत पन्हाळा तालुक्यातल्या कोडोलीत पोरं अंगणात मातीचे किल्ले करतात. दुसरी-तिसरीच्या मुलांना वजाबाकीचा सराव त्यावरच देता येतो: 52 मावळ्यांपैकी 27 तटावर मांडले, उरले किती? पुष्कळ मुले 35 लिहितात. दोनातून सात जात नाहीत, म्हणून ती सातातून दोन वजा करतात. हा निष्काळजीपणा नव्हे. ‘मोठ्यातून लहान वजा करायचे’ हा शिकवलेला नियमच ती प्रत्येक अंकाला वेगवेगळा लावतात.

इथे हातचा (एक दशक सुटे करून एककात मिळवणे) लागतो. 52 रुपये म्हणजे दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी असे धरा. सात रुपये द्यायचे तर एक नोट मोडावी लागते. आता चार नोटा, बारा नाणी, रक्कम तीच. बारातून सात गेले, पाच उरले. चारातून दोन गेले, दोन उरले. उत्तर 25.

‘शेजाऱ्याकडून एक घेतला’ असे आपण सवयीने सांगतो. पण तो एक नसून दहा असतो आणि परतही करायचा नसतो. म्हणून आधी मुलाच्या हातात खरी नाणी द्यावीत, वहीतली मांडणी नंतर. ताळा करायला 25 मध्ये 27 मिळवून पाहावे.