पैसे न लावता केलेली चाल

यंदाच्या कोजागरीला आमच्या काचीगुड्याच्या गच्चीवर दूध आटत होतं आणि आत्या हरत होती. आत्या हरणं ही आमच्या घरात बातमी असते. पन्नास वर्षं ती पत्ते खेळते आहे. रमीत तिच्यापुढे कुणी टिकत नाही, आणि तीन पत्तीत तिच्या चेहऱ्यावरून हाती काय आहे ते देवालाही कळत नाही. पण त्या रात्री भाच्याच्या हट्टामुळे पोकर मांडला होता. पैशांऐवजी चिंचोके, प्रत्येकी शंभर. तासाभरात आत्यापुढे अकरा उरले.

ज्यांनी पोकर खेळलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. आपण खेळत होतो तो टेक्सास होल्डेम. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात. मग मधे सगळ्यांचे म्हणून आधी तीन पत्ते उघडतात, मग एक, मग आणखी एक. या तीन टप्प्यांना फ्लॉप, टर्न आणि रिव्हर म्हणतात. आपले दोन आणि मधले पाच, यातून सर्वांत भारी पाच पत्त्यांचा हात ज्याचा, त्याचा डाव. प्रत्येक टप्प्याला पैसे लावायची फेरी असते. आणि त्या फेरीत तुमच्या आधी कुणी काही लावलेलं नसेल, तर तुम्हालाही काही न लावता पाळी पुढे देता येते. तोंडाने ‘चेक’ म्हणायचं किंवा बोटांनी टेबलावर टकटक करायचं. तुम्ही डावातून बाहेर पडत नाही. पुढे कुणी लावलंच, तर तेव्हा ठरवायचं की भरायचं, वाढवायचं की पत्ते टाकायचे. सगळ्यांनीच चेक केला तर पुढचा पत्ता फुकट उघडतो. पत्ते वाटल्यावरच्या पहिल्या फेरीत मात्र ब्लाइंड आधीच पडलेले असतात, म्हणून तिथे ही सोय फक्त मोठा ब्लाइंड टाकणाऱ्याला, तीही कुणी रक्कम वाढवली नसेल तरच.

हे सगळं आत्याला सांगितलं होतं. पण तिच्या हाताला ते जमेना, आणि का जमेना हे मला दुधाचा दुसरा पेला पिताना कळलं. तीन पत्तीत चेक नाहीच! पाळी आली की चाल करा नाहीतर पॅक करा. शो मागायचा तोही पैसे टाकूनच. पैसे न लावता डावात राहण्याची जागा त्या खेळात कुठेच नाही. आत्याच्या दृष्टीने न लावणं म्हणजे शेपूट घालणं, आणि आत्या काही शेपूट घालणाऱ्यांतली नाही.

तिचा मोठा डाव बुडाला तो असा. हातात गुलाम आणि नव्वी. फ्लॉपला राजा, नव्वी, पंजी. नव्वीची जोडी झाली, आत्याने दहा लावले. भाचा आला, बाकीचे गळाले. मग दुर्री आली, आत्याने वीस लावले. शेवटी तिर्री, आत्याने तीस लावले. भाच्याने दरवेळी शांतपणे भरले आणि शेवटी राजा दाखवला.

“मग काय करायला हवं होतं मी?” आत्याने विचारलं. “जोडी होती की माझ्याकडे.”

मी तिला उलटा प्रश्न विचारला. शेवटचे तीस लावल्यावर कोण भरेल? ज्याच्याकडे राजा आहे तो. कोण पत्ते टाकेल? ज्याच्याकडे पंजी आहे किंवा काहीच नाही, म्हणजे ज्याला तू नाहीतरी हरवणारच होतीस तो. भारी हात पळत नाही आणि हलका हात थांबत नाही. मग ते तीस चिंचोके कमवायला ठेवले होते की द्यायला? तिथे चेक करायचा. सगळे थांबले तर स्वस्तात पत्ते उघडतात आणि तुझी नव्वी बऱ्याचदा जिंकते. शिवाय ज्याच्याकडे काही नाही, त्याला तुझा चेक बघून थाप मारायचा मोह होतो, आणि मग त्याचे चिंचोके तुझ्याकडे येतात.

हे शहाणपण माझं स्वतःचं नाही. हॅरल्ड कून नावाच्या गणितज्ञाने १९५० साली पोकरचं एक अगदी छोटं रूप मांडलं. फक्त तीन पत्ते: गुलाम, राणी, राजा. खेळणारे दोन. दोघांनी एकेक चिंचोका मधे टाकायचा, एकेक पत्ता घ्यायचा, तिसरा झाकलेलाच राहतो. पहिल्याने चेक करायचा किंवा आणखी एक चिंचोका लावायचा. लावलेलं वाढवता येत नाही, फक्त भरायचं किंवा सोडायचं. इतक्या लहान खेळाचं पूर्ण उत्तर काढता येतं. मी मागे एका रविवारी त्याचा प्रोग्रॅम लिहिला. कॉम्प्युटरला स्वतःशीच लाखो डाव खेळायला लावलं, आणि कूनने कागदावर काढलेलंच उत्तर आलं.

त्या उत्तरातली एक ओळ मला फार आवडते. पहिली पाळी तुमची असेल आणि हाती राणी असेल, तर कधीही लावायचं नाही. दहात एकदाही नाही. लावलं तर गुलामवाला सोडून देतो आणि राजावाला भरतो, बस्स. गुलाम हाती असताना मात्र अधूनमधून थाप म्हणून लावायचं. आणि राजा आला तरी काही वेळा चेक केला तर बिघडत नाही. म्हणजे सगळ्यांत जास्त संयम मधल्या पत्त्याला लागतो. अजून एक गंमत: दोघेही अचूक खेळले तरी पहिली पाळी असलेला सरासरी १८ डावांमागे एक चिंचोका हरतो. आधी बोलावं लागणं हाच तोटा. म्हणून होल्डेममध्येही लवकर पाळी असली की चेक जास्त होतात, आणि शेवटची पाळी असलेला राजासारखा बसतो. घरी तीन पत्ते घेऊन खेळून बघा, दहा मिनिटांत मुलांनाही जमतो.

मला हे कून वाचून कळायला हवं होतं. कळलं ते दुसऱ्या मार्गाने. नोकरी लागल्यावर मी एका ॲपवर पैसे लावून पोकर खेळायचो. २०१६ मध्ये सगळ्या डावांची नोंद उतरवून घेतली आणि एक स्क्रिप्ट लिहिली. हात चांगला, मधला, वाईट असे तीन ढीग केले. मला वाटलं होतं पैसे वाईट हातांवर, थापांत गेले असतील. तसं नव्हतं. वाईट हात मी वेळेत टाकत होतो. पैसे मधल्या ढिगात गेले होते. एक जोडी हाती, आणि शेवटच्या फेरीत मी स्वतःहून लावलेले. सहा हजारांहून जास्त डावांत हाच एक माणूस हीच एक चूक करताना दिसत होता. राणी हाती धरून पैसे लावणारा बी. ई.

गच्चीवर भाचा म्हणाला, “मामा, आमच्या हॉस्टेलमध्ये काही मुलं अजून खेळतात, कुठल्या तरी लिंकवर. तू किती घालवलेस?”

हा आकडा तोपर्यंत फक्त माझ्या बायकोला माहीत होता. बाबा समोर बसले होते. मी सांगितला. अडतीस हजार, चौदा महिन्यांत. २०१७ साली तेलंगणाने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले तेव्हा मित्र चिडले होते, मला मात्र सुटल्यासारखं वाटलं होतं, हेही सांगितलं. २०२५ च्या ऑगस्टपासून तर देशभराचा कायदा आहे. बाबा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, “तेव्हा तू स्कूटर घ्यायची म्हणत होतास.” घेतली नव्हती, हे त्यांना आठवत होतं. भाच्याने फोन उलटा करून सतरंजीवर ठेवला.

मग आत्यानेच वातावरण हलवलं. “चांगला हात असताना पण चेक करतात का रे?”

करतात, आणि त्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण १९८८ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरचं. अंतिम सामना जॉनी चॅन विरुद्ध एरिक सायडेल. चॅनकडे गुलाम-नव्वी, फ्लॉपला राणी, दश्शी, अठ्ठी. म्हणजे पाच पत्ते ओळीने लागलेले, त्याहून भारी हात त्या घडीला शक्यच नव्हता. चॅनने चेक केला. सायडेलकडे राणीची जोडी होती, त्याला ती पुरेशी वाटली, आणि शेवटी त्याने होतं नव्हतं ते सगळं मधे लोटलं. चॅन सलग दुसऱ्या वर्षी जिंकला. १९९८ च्या ‘राउंडर्स’ सिनेमात हाच डाव दाखवला आहे.

ही गोष्ट मी सांगायला नको होती. त्यानंतर भाचा जो उठेल तो चेक करू लागला.

शेवटच्या डावात त्याच्या हाती दोन अठ्ठ्या होत्या. फ्लॉपला किलवरची अठ्ठी, बदामची राणी, बदामची सत्ती. तीन अठ्ठ्या झाल्या. इथे लावायला हवं होतं, कारण मधे दोन बदाम दिसत होते आणि समोर आत्या होती, जी भरल्याशिवाय राहत नाही. चॅनचा चेक चालला कारण समोरचा स्वतःहून पैसे लावणारा होता. जो नुसता भरतो त्याच्याकडून भरूनच घ्यायचं असतं. पण भाच्याने चॅनसारखा चेहरा करून चेक केला.

आत्याने सतरंजीवर दोन टिचक्या मारल्या. संध्याकाळपासूनचा तिचा पहिला चेक!

टर्नला बदामची दश्शी आली. भाच्याने आता लावले, आत्याने भरले. रिव्हरला चौकटची दुर्री. भाच्याने सगळे चिंचोके मधे सरकवले. आत्याने बदामचा राजा आणि बदामची तिर्री उलटी करून दाखवली. पाच बदाम.

“फ्लॉपला लावले असतेस तर?” मी तिला विचारलं.

“आले असते,” आत्या म्हणाली. “पण फुकट कशाला नको म्हणू?”

बदाम यायची शक्यता ४७ मधली ९ होती, पाचात एकदाही नाही, हे मी भाच्याला समजावू लागलो. त्याचं लक्ष नव्हतं. तो आत्याच्या ओच्यातले चिंचोके मोजत होता.