चवीसाठी केलेला संकर

संकरित बियाण्यामुळे टोमॅटो बेचव झाले, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. मला ते पटत नाही. जपानच्या परसबागांत ज्या गुलाबी टोमॅटोचं कौतुक होतं, तो ‘मोमोतारो’ संकरितच आहे.

त्याच्या घराण्याचा माग अमेरिकेपर्यंत जातो. न्यूयॉर्कच्या पीटर हेंडरसन कंपनीनं १८९१ मध्ये ‘पाँडेरोसा’ हा थोराड, गुलाबी, कमी आंबट टोमॅटो विकायला काढला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो जपानमध्ये रुजला, आणि पुढे कच्चा खायचा टोमॅटो तिथे बहुतेक गुलाबीच राहिला. गर मात्र लाल आणि गुलाबी, दोन्ही टोमॅटोंचा लालच. लाल टोमॅटोच्या सालीत पिवळं रंगद्रव्य असतं, गुलाबीच्या सालीत ते नसतं, एवढाच फरक. त्यामुळे चवीचं श्रेय रंगाला देता येत नाही. ते निवड करणाऱ्यांचं आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये शहरं फुगली, शेतं लांब पडली. पिकलेलं फळ वाटेत फुटे, म्हणून शेतकरी ते हिरवटच तोडत. दुकानात पोचेपर्यंत रंग चढे, गोडी मात्र झाडावरच राहून जाई. क्योतोच्या ‘ताकी’ या १८३५ पासूनच्या बियाणे कंपनीनं नेमका हाच प्रश्न हाती घेतला: झाडावर पिकूनही शाबूत पोचेल असा गोड टोमॅटो. १९८५ मध्ये मोमोतारो आला. पीचमधून जन्मलेल्या लोककथेतल्या मुलाचं नाव त्याला दिलं गेलं.

पुढे घरच्या बागांसाठी ‘होम मोमोतारो’ही निघाला. या जातकुळीला निगुतीनं वाढवावं लागतं. पहिल्या घोसातलं फूल उमलायला लागलं की रोप वाफ्यात लावायचं. त्याआधी लावलं तर सगळा जोर पानांत जातो. पहिला घोस धरायलाच हवा, कारण तोच झाडाचा माज आवरतो. खोड एकच ठेवायचं, बगलफूट कोवळी असतानाच खुडायची, काठीला सैल बांधायचं. पाचव्या-सहाव्या घोसाच्या वर दोन पानं राखून शेंडा मारायचा. फळ पिकू लागलं की पाणी आवरतं घ्यायचं, पण बेतानं: कोरड्या मातीवर एकदम पाऊस पडला की पातळ सालीला तडे जातात. जपानमध्ये पावसाळा जून-जुलैत येतो, म्हणून कित्येक जण झाडांवर प्लास्टिकचं छप्पर घालतात. तोडलेलं फळ फ्रिजमध्ये ठेवू नये. थंडीनं त्याचा सुवास मरतो.

मग बाजारातल्या लाल टोमॅटोची चव गेली कुठे? २०१२ मध्ये अमेरिकी संशोधकांनी एक कारण दाखवलं. देठाजवळचा हिरवा पट्टा जाऊन फळ एकसारखं रंगावं, म्हणून कित्येक दशकं निवड होत राहिली. त्या निवडीत फळातलं हरितद्रव्य वाढवणारं जनुक निकामी झालेलं होतं आणि त्याबरोबर साखरही घटली. हे नुकसान दिसण्याच्या आग्रहानं केलं. त्याचा ठपका संकरावर ठेवणं अन्यायाचं आहे.

संकरिताची एक अडचण मात्र खरी. घरी धरलेल्या बियांतून तेच फळ पुन्हा मिळत नाही, पुढची पिढी विस्कटते. म्हणून जपानी बागकाम करणारे दर वसंतात नवी रोपं आणतात, बरेचदा रोगांना दाद न देणाऱ्या खुंटावर कलम केलेली. चवीपुढे तो खर्च त्यांना जड वाटत नाही.