वळिवड्याची पोलिश शाळा

संगमेश्वराहून आंबा घाट चढून गेले, की पुढे कोल्हापूर लागते. त्याच्याजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची वसाहत होती. युद्धाच्या धामधुमीत सोव्हिएत सत्तेने त्यांना घरांतून उठवून सैबेरियासारख्या दूरदेशी नेले होते. तेथून इराणमार्गे ते हिंदुस्थानात आले. बहुतेक स्त्रिया व मुलेच. कित्येकींचे वडील रणांगणावर, कित्येकींचे कायमचे अंतरलेले. तरीही वसाहतीत शाळा भरू लागल्या. हिमातून आलेल्या त्या मुली येथल्या उन्हाळ्यात पोलिश भाषा व इतिहास शिकत, वीरबाला पथकात जात. देश हातचा गेला होता; भाषा तरी जाऊ द्यावयाची नव्हती. १९४५ साली युद्ध संपले. पण पुष्कळजणींची गावे सोव्हिएत संघात गेली होती. परतावे कोठे? अनेक कुटुंबे मग इंग्लंडला गेली.