श्वास आणि हाडे

आमच्या जुन्या घराचे दार ठेंगणे आहे. माझा थोरला भाऊ अंगाने चांगला उंच. आत येताना त्याला मान लववावी लागे. विसरला की कपाळ चौकटीवर आपटे आणि वहिनी हसत. तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत माझ्या ध्यानात आले की दादा आता सरळ आत येतो. दार तर तेवढेच आहे. मग दादाच कमी झाला की काय?

मी तसे बोलून दाखविले. दादा म्हणाला, "मास्तर, माणूस बुढा झाला का वाकतेच. त्यात काय पाहायचं?"

मलाही ते पटले. इथेच आमची चूक झाली. ती तुमच्या घरी होऊ नये म्हणून हे लिहितो.

दादाचे आयुष्य कापसात गेले. पावसाळाभर शेतात मजुरी करायची आणि दिवाळीनंतर जिनात जायचे. यवतमाळ जिल्ह्यात हे कोणाला नवे नाही. रेच्यावर कापूस पडतो, सरकी खाली जाते, रुई बाहेर येते आणि बारीक धूळ हवेत तरंगत राहते. त्या काळी नाकाला फडके बांधायची रीत नव्हती. त्यावर रोजचा बिडीचा एक कट्टा. पन्नाशी उलटल्यावर हिवाळाभर खोकला राहू लागला. पुढे चढ चढताना धाप लागू लागली. सगळे म्हणाले, दमा आहे. बाजारात एक जण दम्याची पुडी देई. ती घेतली की दुसऱ्या दिवशी दादा मोकळा. दोन वर्षे त्याने ती पुडी घेतली.

मग एका पावसाळ्यात बादली उचलताना पाठीत कळ आली. "उसण भरली असन," वहिनी म्हणाल्या. तेल लावले, शेक दिला. तीन आठवडे झाले तरी दुखणे हटेना. तेव्हा फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडापुढे धरून दाखविला. पाठीचा एक मणका चेपला होता, पाय पडलेल्या पत्र्याच्या डब्यासारखा. त्याच्या वरचा आणखी एक मणका पूर्वीच कधीतरी चेपलेला होता. त्याचा तर कोणाला पत्ताही नव्हता.

मी विचारले, "डॉक्टरसाहेब, यांना तर दमा आहे. मणक्याचे हे नवीनच काय?"

ते म्हणाले, "नवीन नाही गुरुजी. हे त्याच दुखण्याचे दुसरे तोंड आहे."

ते कसे, हे आता पाहू. आधी फुप्फुस घेऊ.

छाती म्हणजे लोहाराचा भाता समजा. भाता उघडला की हवा आत येते, मिटला की बाहेर जाते. आत हवेच्या बारीक पिशव्या असतात, तीस कोटींहून जास्त. तिथे रक्ताला प्राणवायू मिळतो. पंचविशीच्या आसपास हा भाता पुऱ्या जोरात असतो. त्यानंतर प्रत्येकाचाच जोर दरसाल थोडा थोडा उतरतो. धूळ खाणाऱ्याचा आणि बिडी ओढणाऱ्याचा झपाट्याने उतरतो. चुलीच्या धुराने बायकांचेही तेच होते, ही गोष्ट आम्ही पुरुष सहसा बोलत नाही. बिडी सोडली तर गेलेला दम बहुतेक परत येत नाही, पण पुढची घसरण मंदावते. म्हणून साठीनंतर सोडली तरी उपयोग आहेच.

दादाला जो रोग होता त्याला डॉक्टर सीओपीडी म्हणतात. दमा येतो आणि जातो. हा रोग येतो आणि मुक्काम करतो. तो ओळखायला एका नळीत जोराने फुंकावे लागते. असे यंत्र लंडनच्या जॉन हचिन्सन नावाच्या डॉक्टराने १८४६ साली लोकांपुढे मांडले. त्याने दोन हजारांवर माणसांचा श्वास मोजला. उंच माणसाचा श्वास मोठा असतो आणि वयाबरोबर तो घटतो, असे त्याला आढळले. उंचीची ही गोष्ट ध्यानात ठेवा.

आता हाडाकडे वळू. हाड म्हणजे वाळलेले लाकूड नव्हे. ते जिवंत आहे. दर पावसाळ्यापूर्वी आपण घर शाकारतो, फुटकी कवेले काढून नवी घालतो. तसे शरीर हाडातला जुना भाग काढते आणि नवा भरते. तिशीपर्यंत भरती जास्त होते. पुढे काढणे वाढते आणि भरणे कमी पडते. मग हाड आतून जाळीदार, पोकळ होते. बाहेरून काही दिसत नाही, दुखतही नाही. बाईची पाळी गेल्यावर ही झीज एकदम वाढते, म्हणून हा बायकांचा रोग असे लोक समजतात. पुरुषाची झीज सावकाश होते, पण होतेच. सत्तरीच्या पुढे दोघेही जवळपास सारखेच झिजतात. आणि खुब्याचे हाड मोडल्यावर वर्षाच्या आत दगावण्याचे प्रमाण पुरुषांत बायकांपेक्षा जास्त आहे.

ज्याचा दम कमी त्याचे हाड लवकर का झिजते? धाप लागते म्हणून माणूस बसून राहतो. ज्या हाडावर भार पडत नाही, ते शरीर भरत नाही. शिवाय बिडीचा धूर स्वतःच हाडाला मारक आहे. फुप्फुसातली जुनी सूज तिथेच थांबत नाही. तिचा परिणाम रक्तावाटे अंगभर होतो. भूक मंदावते, मांस उतरते, वजन घटते. घरात बसल्याने ऊनही मिळत नाही.

आणि ती पुडी! दम्याच्या अशा पुड्यांत पुष्कळदा स्टिरॉइड नावाचे औषध कुटून घातलेले आढळते. ते औषध वाईट नाही. डॉक्टर देतात तेव्हा जीव वाचवते. पण मोजमाप न ठेवता महिनोन्‌महिने पोटात गेले तर हाडे पोखरते. पुडी सुरू झाल्यावर दादाचे तोंड गोल झाले होते. आम्ही म्हणत होतो, तब्येत सुधारली! ती सूज होती. मी शाळेत मुलांना आरोग्याचे धडे शिकविले, पण माझ्या घरची सूज मला ओळखता आली नाही. एक सांगतो. कोणी अशी पुडी पुष्कळ दिवस घेत असेल तर एकदम बंद करू नका, त्यात धोका असतो. पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा. ते हळूहळू सोडवतील.

ओढायच्या पंपाला मात्र लोक उगाच भितात. "पंपाची सवय लागते," असे म्हणतात. पंपातले औषध थेट फुप्फुसात जाते. म्हणून ते फार थोडे लागते आणि हाडाला त्याचा त्रास गोळीपेक्षा पुष्कळ कमी होतो. पंप घेतल्यावर चूळ भरावी, एवढेच.

आता उलटी बाजू पाहा. मणके चेपले की उंची घटते, पाठीला बाक येतो. बरगड्या पोटाकडे सरकतात. भाता उघडायला जागाच राहात नाही. आधीच अपुरा असलेला श्वास आणखी अपुरा होतो. पोकळ हाडाच्या माणसाची बरगडी नुसत्या खोकल्यानेही मोडते. मग दुखते म्हणून तो खोल श्वास घेत नाही, कफ आत राहतो, न्यूमोनिया होतो. दम हाडाला खातो आणि हाड दमाला खाते.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट आहे. पांढरकवडा, झरी-जामणी, मारेगाव या बाजूच्या कित्येक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. एका लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर ते नसावे. असे पाणी वर्षानुवर्षे प्याले तर मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, मोठ्यांचे मणके आणि बरगड्यांचे सांधे ताठतात. हाड फोटोत घट्ट दिसते, पण ठिसूळ असते. बरगड्या ताठल्या की छाती फुगत नाही. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. म्हणून बोअरचे पाणी तपासून घ्यावे, आणि फ्लोराइड जास्त निघाले तर प्यायला दुसरे पाणी पाहावे.

खर्रा खाणारे मला सांगतात, "गुरुजी, त्यात चुना आहे, हाडे मजबूत होतात." तो चुना गाल जाळतो आणि सोबतचा तंबाखू हाड झिजवतो. हाडाला चुना हवा तर नाचणी खा. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तेवढ्याच दुधात एकशेवीसच्या आसपास. तीळ, शेवग्याचा पाला, ताक हेही चांगले. सोबत डाळ किंवा अंडे असावे, कारण मांस भरले नाही तर म्हातारा पडतो, आणि पडला की मोडतो. सकाळी दहानंतरचे ऊन थोडा वेळ उघड्या हातापायांवर घ्यावे.

दादाला डॉक्टरांनी पंप दिला आणि आठवड्यातून एकदा घ्यायची हाडाची गोळी दिली. ती रिकाम्या पोटी पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही. "बसून राहू नका, चाला," असेही बजावले. दादा म्हणाला, "धाप लागते तर चालू कसा?" डॉक्टर म्हणाले, "लागली की थांबा. उतरली की पुन्हा चाला." पहिल्या दिवशी तो घरापासून पारापर्यंत गेला आणि दोनदा थांबला. आता मारुतीच्या देवळापर्यंत एका दमात जातो.

बिडी सुटायला जास्त वेळ लागला. दोनदा सोडून पुन्हा धरली. मग नातीने १८००-११-२३५६ हा सरकारचा फुकटचा नंबर लावून दिला. तिकडचा माणूस आठवड्या-दोन आठवड्यांनी विचारपूस करी. त्या माणसाला खोटे कसे सांगायचे, या लाजेने दादाने ती सोडली असे मला वाटते.

तरुणपणापेक्षा उंची चार सेंटिमीटरने, म्हणजे दोन बोटांहून थोडी जास्त, घटली असेल तर पाठीचा फोटो काढून घ्यावा. जुनी उंची कोणाला आठवत नाही, म्हणून आम्ही आता चौकटीवरच खूण करतो. गेल्या पोळ्याला दादाला भिंतीशी उभे करून खिळ्याने रेघ ओढली. शेजारी माझीही ओढली. या पोळ्याला पुन्हा मोजले. दादाची रेघ तिथेच आहे. माझी थोडी खाली आली आहे, तेव्हा पुढच्या सोमवारी मी यवतमाळला मोठ्या दवाखान्यात दाखवून येणार आहे.