मुक्त डुबकीतील वजननिश्चिती

मुक्त डुबकी, म्हणजेच फ्रीडायव्हिंग, हा हवेची टाकी न घेता केवळ रोखलेल्या श्वासावर खोल पाण्यात उतरण्याचा प्रकार होय. याच पद्धतीने पाण्याखाली भाल्याने किंवा भालाबंदुकीने मासे टिपण्यास स्पिअरफिशिंग म्हणतात. दोन्हींत पाणबुड्या सहसा शिशाची वजने ओवलेला पट्टा बांधतो. हे वजन खाली जाणे सोपे व्हावे म्हणून असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. वजन ठरवताना मुख्य विचार परत वर येण्याचा करावा लागतो.

खोली आणि प्लावक बल

बुडालेल्या वस्तूवर तिने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतके प्लावक बल वरच्या दिशेने कार्य करते, हे आर्किमिडीजचे तत्त्व शालेय पाठ्यपुस्तकांमुळे परिचित आहे. मात्र पाणबुड्याच्या शरीराचे आकारमान स्थिर नसते. समुद्रात दर १० मीटर खोलीला दाब सुमारे १ वातावरणाने वाढतो आणि बॉईलच्या नियमानुसार फुप्फुसांतील हवा आकसते. पृष्ठभागावर ६ लिटर असलेली हवा १० मीटरवर ३ लिटर, २० मीटरवर २ लिटर आणि ३० मीटरवर दीड लिटर उरते. एक लिटर आकारमान घटले की वर उचलणारे बल सुमारे १ किलोने कमी होते. म्हणजे पहिल्या १० मीटरांतच ३ किलोंचा आधार जातो, पुढच्या १० मीटरांत केवळ एका किलोचा. निओप्रीनचा पोशाखही दाबाने पातळ होतो व त्याची तरंगण्याची क्षमता घटते.

ज्या खोलीवर शरीर आपोआप वर जात नाही व बुडतही नाही, ती तटस्थ खोली. ती सुमारे १० मीटर असावी, असा नवशिक्यांसाठी प्रघात आहे; अधिक खोल जाणारे ती आणखी खाली ठेवतात. पोशाखाचा परिणाम क्षणभर बाजूला ठेवून वरील उदाहरण पुढे नेऊ. १० मीटरवर तटस्थ असलेला हा पाणबुड्या २० मीटरवर सुमारे १ किलोने जड असतो. त्याने पट्ट्यात २ किलो शिसे वाढवले, तर २० मीटरवर तो जवळपास ३ किलोने जड होतो आणि त्याची तटस्थ खोली अवघ्या २ ते अडीच मीटरवर येते. पूर्वी शेवटचे १० मीटर पाणी त्याला वर उचलत होते. आता जवळजवळ पृष्ठभागापर्यंत त्याला स्वतःच्या पायांच्या बळावर यावे लागते.

नेमके हेच अंतर सर्वांत धोक्याचे असते. वर येताना दाब झपाट्याने उतरतो, त्याबरोबर फुप्फुसांतील ऑक्सिजनचा आंशिक दाबही घसरतो आणि शुद्ध हरपू शकते. अशी बेशुद्धी बहुधा शेवटच्या १० मीटरांत किंवा पृष्ठभागावर आल्यानंतरच्या काही क्षणांत येते. योग्य वजन असलेला बेशुद्ध मनुष्य पृष्ठभागाजवळ तरंगण्याची शक्यता असते. जादा वजनाचा खाली जातो.

वजन ठरविण्याची कसोटी

पोशाखाच्या दर मिलिमीटरमागे एक किलो असे काही ठोकताळे प्रचलित आहेत. ते केवळ आरंभापुरते उपयोगी. चरबी, स्नायू व फुप्फुसांची क्षमता व्यक्तीगणिक भिन्न असते. खरी कसोटी पाण्यातच, संपूर्ण साहित्य घालून आणि सोबत्याच्या देखरेखीखाली करतात. कमी वजनापासून सुरुवात करून पाण्यात उभे व निश्चल राहावे आणि श्वास सहज सोडावा. तरीही डोक्याचा काही भाग पाण्याबाहेर राहिला पाहिजे. त्यानंतर दोराच्या आधाराने इच्छित तटस्थ खोलीवर थांबून पडताळा घ्यावा.

पाणी बदलले की वजन बदलते. विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसाला समुद्रात शरीर हलके वाटते, तो भास नव्हे. एक घनमीटर गोडे पाणी सुमारे १,००० किलो, तर समुद्राचे सुमारे १,०२५ किलो भरते. साहित्यासह ८० लिटर आकारमानाच्या पाणबुड्यास हा फरक २ किलोंचा पडतो. त्यामुळे समुद्रासाठी जुळवलेला पट्टा तलावात तसाच बांधणे धोक्याचे ठरते. पोशाख बदलल्यासही कसोटी पुन्हा घ्यावी लागते.

भाल्याने मासेमारी करताना

येथे खरा पेच आहे. उथळ पाण्यात, ४-५ मीटरवर, शिकाऱ्याला तळाशी निश्चल पडून मासा जवळ येण्याची वाट पाहायची असते. हलका असल्यास लाटा त्याला हेलकावतात. म्हणून तो थोडे अधिक वजन घेतो. हे समर्थनीय आहे, पण तोच पट्टा बांधून माशामागे १५ मीटरवर उतरणे नव्हे. खोल पाण्याकडे वळताना वजन काढून तरत्या बोयावर ठेवावे. टिपलेले मासेही कमरेला न अडकवता बोयालाच बांधणे इष्ट.

पट्टा

नायलॉनचा पट्टा खोलीवर सैल पडतो, कारण पोशाख व पोट दोन्ही दबतात. डोके खाली असताना तो छातीकडे घसरतो. रबरी पट्टा ताणलेला असल्याने जागेवर राहतो. पोटाने श्वास घेण्यास अडथळा नको म्हणून तो कमरेपेक्षा खाली, नितंबांवर बांधतात. बकल एका हाताने झटक्यात सुटणारे असावे आणि ते कसे सुटते हे सोबत्यालाही ठाऊक असावे. संकटात पट्टा टाकून देण्यास संकोच करू नये. शिसे पुन्हा विकत मिळते.

पूर्वीची पद्धत

मन्नारच्या आखातातील मोती काढणारे पाणबुडे दोराला बांधलेल्या दगडाच्या भाराने तळाशी जात. तळ गाठल्यावर तो दगड वरचे सोबती ओढून घेत आणि पाणबुड्या भाराविना वर येई. ग्रीक स्पंजवेचे ‘स्कांदालोपेत्रा’ हा चपटा दगड वापरीत व डुबकी संपल्यावर नावेतील सोबती त्यांना दोराने वर खेचत. १९१३ साली हागी स्तातीस याने कार्पाथोस बेटाजवळ ‘रेजिना मार्गेरिता’ या इटालियन युद्धनौकेचा हरवलेला नांगर शोधला, तो असाच दगड घेऊन. आजच्या स्पर्धांतील ‘स्थिर वजन’ या प्रकारात मात्र जितके वजन घेऊन उतरावे, तितकेच घेऊन वर यावे लागते.